रोज अकरा वाजता पाच वेळा

‘जेवलीस का’ हे मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं असेल, त्याच्या कितीतरी पट ‘म्याडम, लॉगिन होईना’ हे ऐकलं आहे. सोलापुरातल्या एका छोट्या कंपनीत सतरा वर्षं फोनवर बसून मी हेच दुरुस्त करत होते. यंदा निवृत्त झाले, आणि लगेच संपादकांचा निरोप आला की दिवाळी अंकासाठी नोकरीतले किस्से लिहा, जरा खुसखुशीत असू द्या. खुसखुशीत किस्से आहेत, चारदोन सांगते. पण लिहायला बसले की मला एकच खातं आठवतं. त्या खात्यात एका मुलीनं काढलेलं चादरीचं डिझाइन होतं. तिच्या वडिलांनी ते एकदाही पाहिलं नव्हतं आणि त्यांना ते बघायचं होतं. ते खातं मी माझ्या हातानं बंद केलं. तेव्हा या लेखात किस्से थोडे आणि हेच जास्त होणार, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं काम काय ते अगोदर सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या जावेलाही ते अजून कळलेलं नाही. ती पाहुण्यांना ‘आमच्या जाऊबाई कंप्युटरात आहेत’ एवढंच सांगते. सोलापुरात चादर विणायच्या आधी तिचं डिझाइन तयार करावं लागतं. पूर्वी ते ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवून काढत, मग पुठ्ठ्यांना भोकं पाडून ते पुठ्ठे मागावर चढवत. आता डिझाइन कॉम्प्युटरवर काढतात आणि फाइल मागाला जाते. या फाइली तळहातावरच्या फोडासारख्या जपाव्या लागतात. चांगलं डिझाइन फुटलं की पुढच्या आठवड्यात ते चार गल्ल्यांमधल्या मागांवर खडखडायला लागतं, आणि ज्यानं डोळे ताणून काढलं तो हात चोळत बसतो. म्हणून ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं नाही, ईमेलनं पाठवायचं नाही. पाठवायचं ते आमच्या सर्व्हरवरून.

सर्व्हर म्हणजे एक मोठं कपाट समजा, आत प्रत्येकाचा वेगळा कप्पा. आपल्या खात्याचा क्रमांक आणि पासवर्ड दिला की आपला कप्पा उघडतो, शेजारचा दिसतसुद्धा नाही. वाटेत कुणी फाइल पकडली तरी त्याच्या हाती नुसता कचरा लागतो. कपाट इतकं भक्कम, की पुष्कळदा ते खुद्द मालकालाही उघडत नाही. मग तो मला फोन करतो.

माझे तीन प्रश्न ठरलेले असायचे. मोठ्या अक्षरांचं बटण चालू राहिलंय का? कीबोर्ड मराठीवर आहे का? आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून चिकटवलाय का? तसा चिकटवला की शेवटी एक रिकामी जागा शेपटासारखी येते. आपल्याला ती दिसत नाही, सर्व्हरला दिसते. बहुतेकांची कुलपं एवढ्यातच उघडायची आणि ते मला देवमाणूस समजायचे. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलवाल्यांच्या कारकुनानं पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवला होता. स्क्रीन बिघडला तेव्हा तो मला शांतपणे म्हणाला, “म्याडम, पासवर्ड दुरुस्तीला गेलाय, परवा येतोय.” करमाळ्याचे एक आजोबा फोन उचलल्याबरोबर स्वतःचा पासवर्ड खणखणीत आवाजात सांगायला लागायचे, आणि मी फोन कानापासून हातभर लांब धरून “सांगू नका, सांगू नका” म्हणत बसायची. दुसऱ्याचा पासवर्ड ऐकायचा नाही, बघायचा नाही, हा आमचा पहिला धडा. मी तो सोवळ्यासारखा पाळला.

सर्व्हरच्या दोन सवयी मात्र नीट सांगायला हव्यात. पहिली अशी, की तो नाकारतो तेव्हा कारण देत नाही. क्रमांक चुकला, पासवर्ड चुकला, किंवा त्या क्रमांकाचं खातंच नाही, तिन्हीला उत्तर एकच: परवानगी नाही. कारण सांगितलं तर चोराला अर्धा रस्ता कळतो. नव्या लोकांना ही गोष्ट मी फार रंगवून सांगायची. आपला सर्व्हर कसा तोंडाचा घट्ट आहे, याचं मला कौतुक होतं.

दुसरी सवय अशी, की पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला की ज्या इंटरनेट लाइनवरून तो आला, ती लाइनच तो दिवसभरासाठी अडवतो. नियम चांगला आहे, पण तो आमच्या गावासाठी केलेला नाही. आमच्याकडं गल्लीत एकानं लाइन घेतली की भिंतीवरून वायर टाकून शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात. शेजारधर्म म्हणून पाणी देतात तसं इंटरनेट देतात. साखर पेठेच्या मागं आमची अशीच एक गल्ली होती, तिथं पाच घरांत डिझाइनचं काम चाले आणि पाचांची लाइन एक. सर्व्हरला त्या पाच घरांचा एकच पत्ता दिसायचा. एकानं पाच चुका केल्या की पाचही घरांचं काम ठप्प. मग मला फोन, मग मी हातानं बंदी उठवायची.

त्याच गल्लीत लावण्या गड्डम राहत होती, चादरीच्या एका मिलसाठी घरी बसून डिझाइनं काढायची. तिची माझी ओळख एका सूचनेमुळं झाली. आम्ही जुना सर्व्हर बदलून नवा बसवला, तेव्हा प्रत्येकाच्या स्क्रीनवर एक इशारा आला की समोरच्या सर्व्हरची ओळख बदलली आहे, पुढं जायचं का? आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी न वाचता ‘हो’ दाबलं. फोन करून विचारलं ते फक्त हिनं.

“म्याडम, समोरचा सर्व्हर तुमचाच हाय कशावरून?”

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत सरळ बसले. म्हटलं, तुझ्या स्क्रीनवर अक्षरांची एक लांबलचक ओळ दिसतेय बघ, ती सर्व्हरच्या बोटाचा ठसा. मी माझ्याकडची वाचते, तू तुझ्याशी ताडून बघ. मी एकेक अक्षर वाचत गेले आणि ती “व्हय, पुढं... व्हय, पुढं” करत गेली. सबंध ओळ जुळली तेव्हा ती हसायलाच लागली.

मग तिनं विचारलं, “माझ्या कप्प्यात मी येक वेगळं फोल्डर केलंय, ते मिलवाल्यांना दिसतं का ओ?”

मी म्हटलं, तू त्यांच्याकडं पाठवलंस तरच दिसेल.

“मग बरं. माझं सोताचं डिझाइन हाय त्यात. पैलं नान्नांना दाखवायचंय.” नान्ना म्हणजे वडील. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. “पन ते बघायलाच तयार न्हाईत. चारी कोपरे सारखे न्हाईत म्हनून रुसलेत.”

वडील गड्डम मास्तर हे जुने ग्राफ काढणारे. चादरीचा एक कोपरा काढायचा, तोच फिरवून उरलेले तीन करायचे, मध्ये फूल, बाजूनं किनार. उभा जन्म त्यांनी असं काम केलं आणि डोळे अधू झाल्यावर मुलीला शिकवलं. मुलीच्या डोक्यात मात्र चारी कोपरे वेगळे असलेली चादर होती. मी तिला म्हटलं, पुरं कर, बघतील. बापमाणूस आहे, किती दिवस रुसेल? त्यानंतर वर्षभर तिचा फोन आला नाही. ज्यांचं काम नीट चालतं त्यांचे फोन येत नाहीत, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर त्या गल्लीच्या तक्रारी सुरू झाल्या. लाइन ज्यांच्या नावावर होती ते इरण्णा, टॉवेलांची डिझाइनं करवून घेणारे तालेवार गृहस्थ, रोज सव्वाअकराला फोन करायचे.

“म्याडम, पुन्यांदा बंद झालं बघा. माझी दोन मान्सं हात बांधून बसल्यात.”

मी नोंदी पाहिल्या. सर्व्हर प्रत्येक येणाऱ्याची नोंद ठेवतो: कोण आलं, किती वाजता, आत घेतलं की नाही. रोज अकराच्या सुमाराला त्या लाइनवरून एकाच खात्यावर पाच चुकीचे पासवर्ड येत होते. पाच झाले की लाइन बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. खात्याला नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. मी वहीत क्रमांक शोधला, तर समोर लावण्या गड्डम. मिलकडून दर महिन्याला आम्हाला यादी यायची, तिच्यात प्रत्येक नावापुढं दोनच शब्दांपैकी एक असायचा, चालू किंवा बंद. लावण्यापुढं ‘बंद’ होतं.

मी काय समजले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय. मी समजले, पोरीचं लग्न झालं. आमच्याकडं वयात आलेल्या मुलीचं काम बंद झालं की लग्नच झालं असणार, असं सगळे धरून चालतात. मीही बाईमाणूस असून तसंच धरलं. शेजारच्या टेबलाला हसून म्हटलंसुद्धा, बघा, पेढे न देताच गेली. आणि मनात ठरवलं की गल्लीतलं कुणीतरी तिचं डिझाइन चोरायला टपलंय.

मग माझ्या अंगात संचारलं. मी एक नोटीस लिहिली: दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे, पोलिसांत तक्रार केली जाईल. ती इरण्णांना पाठवून पाची घरांत वाटायला सांगितली. शिवाय पाचही घरांना स्वतः फोन केले. गड्डमांच्या घरचा फोन एका म्हाताऱ्या आवाजानं उचलला. मी माझ्या खास कडक आवाजात विचारलं, तुमच्याकडून कुणी बंद खात्यावर लॉगिन करतंय का?

मग उत्तर आलं, “हितं कुनी न्हाई करत तसलं.”

मी ‘ठीक आहे’ म्हणून फोन ठेवला. मुलगी बरी आहे का, सासर कुठलं, एवढं एक बाईच्या जातीनं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण यादीत अजून दोन घरं उरली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा पाच चुका. मग मी असा उपाय काढला की ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. कप्पाच काढून टाकला तर चोर शिरणार कशात? मिलच्या कारकुनाला विचारलं, तो म्हणाला, “आमच्या मंजूर फाइली आमच्याकडं हायत की, बाकीचं टाका पुसून.” मी खातं निवडलं. स्क्रीननं विचारलं, आतल्या सगळ्या फाइलींसकट कायमचं काढायचं का? मी बटण दाबलं आणि डबा उघडून जेवायला बसले.

पण चुका थांबल्या नाहीत. खातं नव्हतं, तरी रोज अकरा वाजता कुणीतरी त्या नसलेल्या खात्याचं दार पाच वेळा वाजवतच होतं. सर्व्हर आपल्या सवयीप्रमाणं खातं नाही असं न सांगता ‘परवानगी नाही’ एवढंच म्हणत होता, आणि लाइन अडवत होता. तीन आठवडे मी रोज बंदी उठवली. इरण्णांनी दुसऱ्या कंपनीकडं जायची धमकी दिली, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, बाई, एकदा जाऊनच या.

मी साडेदहाला गल्लीत पोचले. मागांच्या आवाजात तिथं शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. इरण्णांनी मला आत खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, लाइनवर किती कॉम्प्युटर चालतात?

“पाच घरांत पाच. न्हाई, चारच म्हना. मास्तरांचा बंद हाय, पोरगी गेल्यापासून.”

“सासर कुठलं मिळालं तिला?” मी विचारलं.

इरण्णा माझ्याकडं बघतच राहिले. “वारली की ओ म्याडम. डेंगू झाला. चार दिवसांत सपलं सगळं. दिवाळीच्या तोंडावर.”

मागांचा आवाज चालूच होता. मी पाण्याचा पेला खाली ठेवला. माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं जुळत गेलं, अकरा वाजता, पाच वेळा, तो म्हातारा आवाज, आणि माझी नोटीस. घड्याळात अकराला दोन कमी होते. इरण्णांना काही न सांगता मी चपला घातल्या आणि गड्डमांच्या दारात गेले.

दार उघडंच होतं. भिंतीवर लावण्याचा फोटो होता. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखत होते. फोटोखाली कॉम्प्युटर, आणि समोर खुर्चीच्या टोकावर बसलेले, जाड चष्म्याचे मास्तर. एका बोटानं, एकेक अक्षर शोधून, ते पासवर्ड घालत होते. मी नाव सांगितलं तसे ते उभेच राहिले. त्यांना वाटलं माझ्यामागं पोलीस आहेत.

“माझं चुकलं म्याडम,” ते म्हणाले. “मीच करतोय. बाकीच्यांना काय बोलू नका.”

मी त्यांना खाली बसवलं आणि मीही बसले. बायको रोज दहाला वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात जाते, बाराला येते, तेवढ्या वेळात ते हे करत होते. बायकोला कळू द्यायचं नव्हतं. लावण्या काम कसं करते ते त्यांनी मागं बसून पाहिलेलं, त्यामुळं कुठलं चित्र दाबायचं ते ठाऊक होतं. खात्याचा क्रमांक आपोआप यायचा, पासवर्ड तेवढा मागायचा. मिलचा नियम असा, की डिझाइन घरच्या मशीनवर ठेवायचं नाही, सर्व्हरवर टाकून मशीनवरचं पुसायचं. लावण्यानं तो नियम पाळला होता, म्हणून घरात काहीच नव्हतं.

“ताप यायच्या आदल्या दिवशी म्हनली, नान्ना, पुरं झालं, आता तरी बघा. मी म्हटलं, चारी कोपरे सारखे कर, मग बघतो.” त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “काय गेलं असतं माझं, नुसतं बघितलं असतं तर?”

मला फोन का केला नाही, हे मी विचारलं नाही. कीबोर्डशेजारी माझी नोटीस घडी घालून ठेवलेली होती.

तेवढ्यात ते एकदम उठले आणि रंगांच्या धाग्यांचे नमुने चिकटवलेली एक वही घेऊन आले. “हे बघा. चार दिसांमागं सापडलं. तिच्याच अक्षरात हाय. आता तर पासवर्ड बरोबर हाय, तरीबी घेत न्हाई. माझी अक्षरं चुकतायत का, तुमी बघा जरा.”

त्यांनी वही माझ्यापुढं उघडली आणि मी इतक्या वर्षांच्या सवयीनं नजर दुसरीकडं वळवली. मग माझं मलाच कसंतरी झालं. मी वही हातात घेतली आणि वाचली. तिच्या खात्याचा क्रमांक, खाली पासवर्ड, नीट, टपोऱ्या अक्षरात. त्यांना माझ्यासमोर पुन्हा घालायला लावलं, तर अक्षर न अक्षर बरोबर होतं.

“तुमचं बरोबर आहे मास्तर,” मी म्हटलं. “खातंच नाही. मी ते बंद केलं.”

“मग उघडा की. तुमच्या हातात हाय न्हवं?”

“आतलं पुसलं गेलं.”

त्यांना ते कळायला वेळ लागला. “कवा?”

मी दिवस सांगितला. नोटीस दिली त्याच आठवड्यातला. त्यांनी बोटांवर मोजलं. बावीस दिवस होत होते. बावीस दिवस ते रोज बसून, बायको यायच्या आत, आठवेल ते नाव, आठवेल ती तारीख, आणि शेवटचे चार दिवस खरा पासवर्डच घालून बघत होते, आणि आमचा तोंडाचा घट्ट सर्व्हर त्यांना सांगत नव्हता की घरी जा बाबा, इथं काही नाही.

ते मला एक शब्दही वावगा बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांना म्हटलं, मला दोन दिवस द्या, सगळीकडं शोधते.

मी खरंच शोधलं. आमच्याकडं पुसलेल्या गोष्टींची एक प्रत पंधरा दिवस राहते, नंतर तीही जाते. आता बावीस उलटले होते. तरी पुण्याच्या आमच्या इंजिनियरला मी इतके फोन केले, की शेवटी तो म्हणाला, मॅडम, असतं तर दिलं नसतं का? मिलमध्ये जाऊन बसले, तिथं तिची मंजूर झालेली सगळी डिझाइनं मिळाली, चारी कोपरे सारखे असलेली. तिच्या मशीनची डिस्क एका जाणकाराकडं देऊन पाहिली. तिनं काम चोख केलं होतं, काही मागं ठेवलं नव्हतं. सतरा वर्षं मी लोकांना सांगत आले की नियम पाळा, म्हणजे तुमचं काम सुरक्षित राहील. तिनं सगळे नियम पाळले. मीही एकही मोडला नव्हता. आता ऑफिसात खातं काढायच्या आधी घरी फोन करून माणसाची चौकशी करायची पद्धत आहे, ती मी पाडली. पण तिचा मला काही मोठेपणा वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा अकरालाच गेले. कॉम्प्युटर बंद होता. मास्तरांनी माझ्यासाठी स्वतः चहा केला. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं, पण त्यांनी मला सगळं सांगू दिलं. पंधरा दिवसांची प्रत, मिल, डिस्क. ते मान हलवत ऐकत होते, मुलीनं केलेलं काम तपासताना ऐकावं तसं, शांतपणे.

मग त्यांनी विचारलं, “पुसायच्या आदी तुमी उघडून बघितलं असंल की. कसं झालं होतं?”

आमच्या कामात गिऱ्हाइकाची फाइल उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं. आम्हाला फक्त फाइलीचं नाव आणि आकार दिसतो, आणि मी त्यापलीकडं कधी गेले नाही. त्या क्षणी मात्र मला वाटलं, एकदा तरी हा नियम मोडायला हवा होता. खोटं सांगावं असंही मनात आलं. छान होतं मास्तर, म्हणावं, फार सुंदर होतं. पण समोर जन्मभर ग्राफ काढलेला माणूस बसला होता. किनार कुठल्या रंगाची होती एवढं एक विचारलं असतं तरी मी उघडी पडले असते. आणि त्यांना खोटं सांगायचा मला हक्कही उरला नव्हता.

“नाही मास्तर,” मी म्हटलं. “मी बघितलं नाही. आम्ही कुणाचं उघडत नाही.”

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं.

“मिलवाल्यांनी न्हाई, तुमी न्हाई, मी बी न्हाई,” ते म्हणाले. “म्हंजे माझ्या पोरीचं काम कुनीच बघितलं न्हाई.”

मी हो म्हणाले.